सहा चाकांची, पंख्याची, टर्बाइनची रेसकार... गुडवूडला जाऊन राहिलो, काय काय पाहायचं?

गणेशपेठ_गॅरेज
नमस्कार मंडळी. जुलैत मी आणि बाबा इंग्लंडला जाऊन राहिलो. दादा साउथॅम्प्टनला असतो, त्याने गुडवूडच्या फेस्टिव्हल ऑफ स्पीडची, म्हणजे जुन्या-नव्या रेसकार टेकडीच्या रस्त्यावर पळवतात त्या जत्रेची, शुक्रवार-शनिवारची तिकिटं काढून ठेवली आहेत. बाबांचं सगळं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं, ॲम्बेसेडर, पद्मिनी, जीप, मग मारुती, त्यामुळे जुन्या गाड्या म्हटलं की त्यांना बाकी काही सुचत नाही. इकडे सिव्हिल लाइन्समध्ये व्हिंटेज गाड्या निघाल्या की आम्ही तर्री पोहे खाऊन सकाळीच हजर असतो. पण त्या राजेरजवाड्यांच्या, पॉलिश केलेल्या, ऐटीत हळूहळू चालणाऱ्या गाड्या. गुडवूडचे व्हिडिओ पाहिले तर हे काही वेगळंच निघालं, एका रेसकारला सहा चाकं, एकीच्या मागे हा एवढा मोठा पंखा, एकीच्या बाजूने सरळ आग निघून राहिली आणि चालवणारा आरामात बसलेला!!

बाबांचा प्रश्न असा की एवढं विचित्र बनवायची गरज काय पडली, आणि ते चांगलं होतं तर पुढे कोणी वापरलं काऊन नाही. मला त्यांना नीट सांगता आलं पाहिजे कारण "असंच, हौस म्हणून" हे उत्तर त्यांना चालत नाही. आणि दोन दिवसांत काय सोडू नये तेही सांगा, बाबांचे गुडघे दुखतात, फार चालणं होणार नाही.

धरमपेठ_ते_ससेक्स
ताई, एकदम बरोबर जागी चालल्या तुम्ही. मी इथे चिचेस्टरजवळच राहतो, जमेल त्या वर्षी जातो, म्हणून आधी कामाचं सांगतो. रस्त्याच्या कडेला जागा धरून दिवसभर बसू नका. टेकडीचा रस्ता १.१६ मैलांचा, म्हणजे दोन किलोमीटरही नाही, गाडी डोळ्यांसमोरून चार सेकंदात निघून जाते. खरी मजा पॅडॉकमध्ये आहे, म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करतात त्या आवारात. तिथे साध्या तिकिटावर फिरता येतं, आणि गाडी हातभर अंतरावर उघडी असते, मेकॅनिक प्लग काढून राहिला, कोणी टायरला ब्लँकेट गुंडाळून राहिला. बाबांना तिथेच एखाद्या गाडीजवळ फोल्डिंग खुर्ची टाकून द्या आणि ती सुरू होईपर्यंत हलू नका. सुरू करताना पाहणं हे पळताना पाहण्यापेक्षा जास्त शिकवतं असं माझं मत आहे.

सहा चाकांची ती टायरेल पी३४. डेरेक गार्डनर या डिझायनरची, १९७६ आणि १९७७ असे दोन सीझन फॉर्म्युला वनमध्ये धावली. पुढे चार बारकी चाकं, १० इंची, मागे नेहमीची दोन मोठी. बाबांना कारण असं सांगा. तेव्हा बहुतेक टीमकडे तेच फोर्ड कॉसवर्थ इंजिन, तोच गिअरबॉक्स, तेच गुडइयरचे टायर, मग पुढे जायचं कसं? पुढचं मोठं चाक हवेत भिंतीसारखं आडवं येतं आणि गाडीचं नाक वर उचलायला पाहतं. चाक एवढं लहान केलं की ते नाकामागे लपेल तर हा त्रास कमी होतो, पण लहान टायरला पकड कमी, म्हणून दोनाचे चार केले, चारही वळणारे आणि चारहींना ब्रेक. १९७६ ला स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला टायरेलचेच दोन ड्रायव्हर, शेक्टर पहिला आणि डेपाये दुसरा, म्हणजे ही गाडी तमाशासाठी नव्हती.

पुढे का नाही चालली तर टायरमुळे. मागचे मोठे टायर सगळ्या टीमचे सारखेच, ते दर महिन्याला सुधारत गेले, पण १० इंची टायर जगात एकाच गिऱ्हाईकाला लागत होता, त्याच्यावर कोण मेहनत घेणार. आणखी एक बारीक गोष्ट दाखवा बाबांना, कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना लहान खिडक्या आहेत, ड्रायव्हरला स्वतःची पुढची चाकं दिसावीत म्हणून. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथेच वाकून पाहत राहिलो.

दरवर्षी गाड्यांची यादी बदलते, आधी जाहीर होते, ती पाहूनच बेत करा.

व्हीएनआयटी_मेक
पंख्यावाली माझी एकदम आवडती आहे त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ब्रॅबम बीटी४६बी, १९७८, डिझायनर गॉर्डन मरी. त्या वर्षी लोटस टीमच्या ७९ या गाडीने सगळ्यांना धुतलं होतं कारण त्यांनी गाडीच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना बोगद्यासारखा आकार दिला, हवा तिथून जोरात गेली की दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. ब्रॅबमला ते जमत नव्हतं कारण त्यांचं अल्फा रोमिओचं इंजिन फ्लॅट ट्वेल्व्ह, म्हणजे सहा सिलिंडर डावीकडे आडवे आणि सहा उजवीकडे आडवे, बरोबर बोगद्याच्याच जागेवर. इंजिन बदलता येत नाही मग करायचं काय? मरीने मागे पंखा लावला, खालची हवाच ओढून घ्यायची, कडेने झालर लावून बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही.

आता याचा हिशोब पाहा. हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण १० टन असतो. गाडीखालचा दोन चौरस मीटर भाग धरा आणि दाब फक्त ५ टक्के कमी करा, झाला एक टन! गाडीचं वजन न वाढता टायरवर टनभर जोर. आणि विंगला (हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारी आडवी पट्टी) वेग लागतो, याला लागत नाही, पंखा गिअरबॉक्सला जोडलेला होता म्हणून गाडी उभी असताना नुसता ॲक्सिलरेटर दाबला तरी ती खाली बसायची. बाबांना हेच पाहायला सांगा, इंजिन रेझ केलं की बॉडी कशी दबते. ब्रॅबमचा ड्रायव्हर लाउडा, त्याला तर चालवायची सवयच बदलावी लागली, वळणावर गाडी सटकेल असं वाटलं की आपण पाय काढतो, इथे उलट दाबायचं, कारण आरपीएम वाढले की पंखा जोरात आणि पकड जास्त.

नियम असा होता की हवेच्या दाबासाठी हलणारा भाग लावता येत नाही. त्यांनी रेडिएटर इंजिनच्या वर आडवा ठेवला आणि सांगितलं की पंखा मुख्यतः कूलिंगसाठी आहे, आणि तो खरंच रेडिएटरमधूनही हवा ओढत होता. ती पण अँडरस्टॉर्पलाच धावली, लाउडा अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. बाकी टीम खवळल्या, मागच्याला खडे लागतात वगैरे तक्रारी झाल्या, आणि टीमचा मालक एक्लस्टनने गाडी परत घेतली. एकच रेस आणि एकच विजय, तो मात्र कोणी काढून घेतला नाही.

याच्याही आधी १९७० ला अमेरिकेत चॅपरल २जे होती, टेक्सासच्या जिम हॉलची. मागे दोन पंखे आणि ते फिरवायला स्नोमोबिलचं वेगळं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे एका रेसकारमध्ये दोन इंजिनं. ती कायम सगळ्यात वेगवान आणि कायम काहीतरी बिघडणारी, सीझन संपल्यावर बंदी आली.

आता काकांचा प्रश्न, पुढे कोणी वापरलं काऊन नाही. वापरलं ना. गुडवूडच्याच टेकडीचा विक्रम २०२२ मध्ये मॅकमर्ट्रीच्या इलेक्ट्रिक गाडीने मोडला, ३९.०८ सेकंद, आणि ती पंख्याचीच गाडी आहे. इंजिन ड्रायव्हरच्या मागे ठेवणं घ्या, १९३४ ला ऑटो युनियनने केलं तेव्हा ते विचित्रच होतं, १९५९ ला कूपरने तसल्याच गाडीवर जगज्जेतेपद घेतलं आणि दोन-तीन वर्षांत पुढे इंजिन असलेली गाडी फॉर्म्युला वनमधून गेली. जिम हॉलनेच १९६६ ला मागे खांबांवर उंच विंग लावली होती, आज विंग नसलेली रेसकार दाखवा. म्हणजे काही कल्पना सगळ्यांनी उचलल्या, काहींवर बंदी आली, काहींना टायर मिळाले नाहीत. सहा चाकांचा विषय तर १९८३ पासून नियमातच संपला, चारच चाकं. गाडीसमोर उभं राहिलं की आधी विचारायचं, बनवणाऱ्याची नेमकी अडचण काय होती. मग ती गाडी विचित्र वाटतच नाही.

जुना_फिटर_सक्करदरा
पोरी, बाबांना माझा नमस्कार सांग. आग निघणारी ती फियाट एस७६, १९१०-११ ची. माझं ऐकशील तर बाकी सगळं राहिलं तरी चालेल पण ही यादीत असली तर तिच्याजवळ बाबांना घेऊन जाच. सिलिंडर चारच, पण इंजिन २८.४ लिटरचं! मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसी, म्हणजे पस्तीस मारुतींची इंजिनं एका बॉनेटखाली. एकेक सिलिंडर सात लिटरचा. त्या काळी धातू, पेट्रोल, बेअरिंग काहीच आजच्यासारखं नव्हतं, इंजिन जोरात फिरवलं तर फुटायचं, मग ताकद हवी असेल तर आकार वाढवणं हाच मार्ग. २९० च्या आसपास हॉर्सपॉवर, मागच्या चाकाला चेन, आणि एक्झॉस्टचे आखूड पाइप थेट बॉनेटच्या बाजूने बाहेर, म्हणून ती आग.

वेगाच्या विक्रमासाठी बनवली होती, ब्लिट्झन बेन्झ या विक्रमी गाडीला हरवायला. दोनच बनल्या. एकीची चासी आणि दुसरीचं इंजिन उरलं होतं, ते जोडून इंग्लंडमधल्या एका माणसाने वर्षानुवर्षं खपून २०१४ ला ती पुन्हा सुरू केली. शंभर वर्षांनी! मी नातवाच्या फोनवर ते सुरू होताना पाहिलं, हॅन्डल मारून सुरू करतात, आम्ही जीपला मारायचो तसंच, पण इथे हॅन्डल उलटं आलं तर हाताची काय गत होईल ते बाबा सांगतील तुला.

आणि वास घ्यायला सांग. जुन्या रेसिंग इंजिनांत एरंडेलापासून केलेलं ऑइल वापरत, काही लोक अजून वापरतात, जळलं की गोडसर वास येतो, तो पेट्रोल-डिझेलसारखा नसतो. मी एकदा एका जुन्या मोटारसायकलचा घेतला होता, अजून नाकात आहे. एरंडेल गरम झालं तरी बाकी तेलांसारखं पातळ पडत नाही म्हणून ते इंजिनात आलं. पण उभं राहिलं की घट्ट होऊन चिकटतं, साफसफाई फार.

गणेशपेठ_गॅरेज
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, पंख्याचा हिशोब त्यांनी वहीत उतरवून घेतला आणि सहा चाकांच्या गाडीचं स्टिअरिंग लिंकेज कसं असेल त्याचं चित्र काढत बसले आहेत. आता त्यांना टर्बाइनच्या गाडीचं कळत नाही, विमानाचं इंजिन रेसकारमध्ये कसं बसवलं, क्लच गिअर काय करत असतील?

कोराडी_टर्बाइन_हॉल
हे मी सांगतो, माझी नोकरी स्टीम टर्बाइनवर झाली, गॅस टर्बाइन वेगळी पण फिरण्याचं तत्त्व ओळखीचं आहे. १९६७ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये एसटीपी कंपनीची लाल गाडी आली, ड्रायव्हर उजवीकडे सरकून बसलेला आणि त्याच्या शेजारी डाव्या बाजूला प्रॅट अँड व्हिटनीची टर्बाइन, चारही चाकांना ताकद. क्लच-गिअर बदलायची भानगडच नाही. टर्बाइनचे दोन भाग असतात, एक गरम वायू तयार करतो आणि दुसरा त्या वायूवर फिरून चाकं फिरवतो, दोघांमध्ये लोखंडाचा जोड नाही, त्यामुळे गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही आणि सुरुवातीलाच टॉर्क भरपूर. पिस्टनच्या गाड्या गर्जत होत्या आणि ही नुसती सुस्कारत पुढे जात होती.

ती चालवणारा पार्नेली जोन्स जवळपास पूर्ण रेस पुढे होता. शेवटचे तीन-चार लॅप उरले आणि गिअरबॉक्समधलं एक बेअरिंग गेलं, किंमत म्हणतात सहा डॉलर. टर्बाइनला काहीही झालं नव्हतं. आमच्याकडेही मोठं मशीन बहुतेक वेळा कुठल्या तरी लहान बेअरिंगसाठीच थांबायचं, त्यामुळे हे वाचलं की मला अजून वाईट वाटतं. रेस भरवणाऱ्यांनी नंतर टर्बाइनच्या हवेच्या तोंडाचं माप कमी केलं, तरी १९६८ ला पाचरीच्या आकाराची लोटस ५६ आली, पोल (सगळ्यात पुढून सुरुवात करायची जागा) घेतली आणि शेवटचे नऊ लॅप उरले असताना पुढे असतानाच बंद पडली.

बाबांना एक गोष्ट लगेच पटेल. टर्बाइनचा पाय सोडला तरी ती लगेच हळू होत नाही, आणि दाबला तरी लगेच वाढत नाही, कारण जोरात फिरणारं वजन. इंजिन ब्रेकिंग नाहीच. त्यामुळे ब्रेकवर फार ताण. इंडियानापोलिससारख्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, हे खपून जातं, वळणावळणाच्या ट्रॅकवर जड जातं. लोटस ५६ गुडवूडला येऊन गेलेली आहे, आली तर कान उघडे ठेवा, बाकी गाड्यांसाठी मात्र इअरप्लग न्याच, दोघांनाही.

वाडीचा_विकी
एक मनापासून विचारतो. जगात एकच उरलेली गाडी टेकडीवर पळवायची, कडेला दगडी भिंत, आदळली तर संपलं. काचेत का ठेवत नाही? आपल्या मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये इंजिनं उभी आहेतच की, लोक जाऊन पाहतात.

धरमपेठ_ते_ससेक्स
विकी, भीती खरी आहे, अपघात होतातही. पण इंजिन उभं राहिलं की सील सुकतात, पाण्याच्या वाटा गंजतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं. आणि त्याहून मोठं म्हणजे ते चालवायचं कसं हे माणसांकडेच असतं. फियाटचं टायमिंग किती ठेवायचं, थंडीत किती पेट्रोल पाजायचं, हे करणारा म्हातारा मेकॅनिक आणि त्याच्या शेजारी पाना धरून उभा असलेला पोरगा, अशी जोडी पॅडॉकमध्ये जागोजागी दिसते. गाडी काचेत गेली की तो पोरगा शिकणार कोणाकडून. माझं मत ठाम आहे, चालवाव्यात, जपून चालवाव्यात.

ताई, गुडघ्यांमुळे शनिवारची गर्दी जड वाटली तर एक दिवस ब्रुकलँड्स म्युझियमला जा, वेब्रिजला. साउथॅम्प्टन ते लंडन वॉटर्लूच्या लाइनवरच आहे, वोकिंगला गाडी बदलावी लागेल. १९०७ ला सुरू झालेला ट्रॅक, खास मोटारींसाठी बांधलेला जगातला पहिला, त्याची तिरकी काँक्रीटची भिंत अजून उभी आहे, हात लावून पाहता येते. तिथे नेपिअर-रेल्टन आहे, १९३३ ची, विमानाचं २४ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, चार-चारच्या तीन रांगा. जॉन कॉबने १९३५ ला त्याच ट्रॅकवर सरासरी १४३.४४ मैलांनी, म्हणजे ताशी सुमारे २३१ किलोमीटरने लॅप मारला, तो विक्रम कायमचा राहिला कारण पुढे महायुद्धात ट्रॅकच बंद झाला. बाबांना पुढच्या चाकांमागे पाहायला सांगा. ब्रेक नाहीत. फक्त मागे आहेत. ती गाडी अजून सुरू करतात, कोणत्या दिवशी करणार ते म्युझियमला आधी विचारून घ्या आणि त्याच दिवशी जा.