अनुभव धागा: दुसऱ्याच्या नावावर जगलेली माणसं

बोस्नियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हवा असलेला सर्ब नेता रादोव्हान कराजिच २००८ मध्ये सापडला, तेव्हा तो बेलग्रेडमध्ये दाढी वाढवून 'ड्रागान दाबिच' या नावाने पर्यायी उपचार करत होता. चक्क व्याख्यानंही देत होता! त्या नावाचा खरा माणूस वेगळाच होता. त्याची चौकशी मात्र फारशी कुणी करत नाही. ओळखीतलं कुणी असं निघालं, किंवा तुमचंच नाव कुणी वापरलं असेल, तर लिहा. नावं-गावं नकोत.

*

माझं नाव वापरलं गेलं. ओळखपत्र हरवलं होतं, नवं काढलं आणि विसरून गेलो. पुढे पासपोर्टच्या वेळी कळलं, माझ्या नावावर दुसऱ्या शहरात नोकरी आहे, कर भरला जातोय, वाहन परवानाही आहे. तो फरार आरोपी होता. पण माझ्या नावाने माझ्यापेक्षा सरळ वागला! एक दंड नाही, एक हप्ता थकलेला नाही. म्हणूनच इतकी वर्षं पत्ता लागला नाही. कर्ज बुडवलं असतं तर बँकच माझ्या दारात आली असती. बोटांचे ठसे जुळवून सुटलो, तरी 'तो मी नव्हे' हे दर कार्यालयात नव्याने सांगावं लागतं.

*

आमच्या हिशेब विभागात एक होता. बढती नाकारायचा. आम्ही म्हणायचो, काय निर्लोभी माणूस! बढतीला कागदपत्रांची फेरतपासणी असायची, हे नंतर सुचलं.

*

जन्म-मृत्यू नोंदणीत नोकरी केली आहे. जन्माची वही एकीकडे, मृत्यूची दुसरीकडे, त्यामुळे तान्हेपणी गेलेल्या बाळाचा जन्मदाखला काढून कुणीही मोठा होऊ शकायचा. आणि मेल्यावरही सुटका नाही. ऑशविट्झ छळछावणीतला फरार नाझी डॉक्टर मेंगेले १९७९ मध्ये ब्राझीलमध्ये बुडाला, तो वोल्फगांग गेरहार्ट या दुसऱ्याच्याच नावाने पुरला गेला. १९८५ मध्ये थडगं उकरलं, डीएनएने खात्री पटायला १९९२ उजाडलं.

*

माझे वडील असे होते. माझ्या दाखल्यावर वडिलांच्या रकान्यात ज्यांचं नाव आहे, त्या गृहस्थांनी आम्हाला कधी पाहिलेलंही नाही. दुरुस्ती करता येते म्हणतात. पण आडनाव कुठलं लावू?

*

वरच्या ताई, आडनावाचं सावकाश ठरवा. आधी वकिलाकडून न्यायालयाचा आदेश मिळवा आणि प्रमाणित प्रती भरपूर काढून ठेवा. छायाप्रतीवर कुणी विश्वास ठेवत नाही.