सुनौलीमार्गे नेपाळ: सीमेवर खरेदी किती करावी, पुढे कसं जावं?

रानजाई

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही सहा जण नेपाळला निघतोय. दोघं सत्तरीच्या पुढचे, एक मुलगा बारा वर्षांचा. कुर्ल्याहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सुनौली, मग लुंबिनी, पोखरा, काठमांडू आणि परत सुनौलीवरूनच घरी, असा बेत आहे.

सीमेपलीकडे भैरहव्याला जॅकेट, बूट, ब्लँकेट, बॅगा स्वस्त मिळतात असं सगळेच सांगतात. तिथे खरेदीला एक पूर्ण दिवस ठेवावा का? कागदपत्रं कोणती लागतात? पैसे कसे न्यायचे? आणि ज्येष्ठांना पोखऱ्यापर्यंतचा रस्ता झेपेल का?

---

वेशीपलीकडे

आधी कागदपत्रं, कारण गाडी तिथेच अडते. पंधरा ते पासष्ट वयाच्या प्रत्येकाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं, तेही मूळ. मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही. सर्वसाधारण प्रौढासाठी आधार हा नेपाळप्रवासाचा मान्य पुरावा नाही. बेलहिया, म्हणजे सुनौलीसमोरची नेपाळची बाजू, तिथल्या कमानीखालून पायी जाताना कोणी विचारत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि पुढे काठमांडूच्या विमानतळावर अडकतात. पासष्टच्या वर आणि पंधराच्या खाली आधार चालतं, त्यामुळे तुमचे दोन ज्येष्ठ आणि मुलगा यांची काळजी नाही. मधल्या तिघांची मतदार कार्डं आजच शोधून ठेवा.

गोरखपूरहून सुनौली शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. स्टेशनजवळच्या रोडवेज स्टँडवरून बस मिळते, शेअर गाड्याही असतात. फरेंदा, नौतनवा करत तीन तास धरा. नौतनव्यापर्यंत रेल्वे आहे, पण तिथून सीमा आठेक किलोमीटर उरते आणि सामान पुन्हा चढवा-उतरवा करावं लागतं. सहा जणांना बस किंवा स्वतंत्र गाडीच बरी.

गोरखपूर स्टेशनबाहेर ‘पोखरा डायरेक्ट’, ‘काठमांडू डायरेक्ट’ असं ओरडत तिकीट विकणारे भेटतील. त्यांची चिठ्ठी घेऊ नका. बहुतेक वेळा ती सुनौलीपर्यंतची गाडी आणि पलीकडच्या कुठल्याशा बसचा तोंडी वायदा एवढंच असतं. पलीकडचा बसवाला ती चिठ्ठी ओळखत नाही, मग तिकीट दुसऱ्यांदा काढावं लागतं. अलीकडचे पैसे अलीकडे, पलीकडचे पलीकडे.

सीमेवर सशस्त्र सीमा बलाचे जवान बॅगा बघतात. भारतीयांना शिक्का नाही, व्हिसा नाही. सायकलरिक्षा किंवा ई-रिक्षाने बेलहिया ओलांडून भैरहवा बाजार तीन-चार किलोमीटर. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं असतं. बसची वेळ विचारताना ‘नेपाळी टाइम ना?’ असं विचारून घ्या. पहाटेच्या बसला ही पंधरा मिनिटं नडतात.

आता पैसे. आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे ‘आज भाव चांगला आहे’ म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. सीमेवर भाव दोन भाषांत चालतो: आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. जॅकेटवर ३,२०० लिहिलंय आणि तुम्ही काही न विचारता भारतीय नोटा मोजू लागलात तर दुकानदार थांबवेलच असं नाही. ३,२०० एनसी म्हणजे २,००० आयसी. प्रत्येक भावाला ‘आयसी की एनसी?’ हा प्रश्न पहिला, घासाघीस नंतर.

नोटा शंभरच्याच न्या. पाचशे-दोनशेवर नेपाळने २०१८ च्या डिसेंबरात बंदी घातली होती. पुढे नियम काहीही होवोत, छोटा दुकानदार अजून त्या नोटा हातात घ्यायला कचरतो. शंभरच्या नोटा मात्र भैरहवा, लुंबिनी, पोखरा सगळीकडे चालतात. थोडे पैसे नेपाळी करून घ्या, बसभाडं आणि चहापाण्यापुरते. परतताना उरलेले नेपाळी रुपये बेलहियातच संपवा किंवा बदला, मुंबईत ते कोणी घेत नाही.

---

घाटवळण

वरच्या प्रतिसादाला रस्त्याची पुरवणी.

भैरहव्याहून लुंबिनी बावीस-तेवीस किलोमीटर, बस किंवा टॅक्सीने तासाभरात. परिसर लांबलचक आहे, मायादेवी मंदिरापासून उत्तरेच्या टोकापर्यंत चालत जाणं ज्येष्ठांना जमणार नाही. आत ई-रिक्षा मिळतात. मंदिरात चप्पल बाहेर आणि फोटो बंद. मुक्काम लुंबिनीत करा, भैरहव्यात नको. धूळ आणि हॉर्न यांपलीकडे भैरहव्यात रात्र काढण्यासारखं फारसं काही नाही.

पोखऱ्याला दोन वाटा. सिद्धार्थ राजमार्ग बुटवल, तानसेन, स्याङ्जा करत जातो, अंतर कमी पण वळणं सलग. बुटवल सोडताच सिद्धबाबाचा टप्पा लागतो. तिथे डोंगर ठिसूळ आहे, दगड सुटतात, म्हणून बोगद्याचं काम काढलंय. दुसरी वाट बुटवलहून पूर्वेला नारायणघाट, मग मुग्लिन आणि पोखरा. लांबची आहे, शिवाय बुटवल-नारायणघाट हा सव्वाशेच्या आतला टप्पा रुंदीकरणाने वर्षानुवर्षं खणलेला असून दाउन्नेच्या चढावर ट्रक अडकला की तास-दोन तास कुठे गेले कळत नाही.

तुमच्यासाठी माझं मत: सिद्धार्थ राजमार्ग, दिवसा, आणि तानसेनला एक रात्र. सलग बसने सात ते नऊ तास लागतात. मधे थांबलात तर ज्येष्ठांची कंबर शाबूत राहील. उलटीची गोळी बस सुटायच्या अर्धा तास आधी द्या. घाट सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो. पुढच्या चाकाच्या मागच्या दोन-तीन रांगांतच सीट मागा. मागची रांग वळणावर फेकते.

काठमांडूहून परत मात्र रस्त्याने येऊ नका. भैरहव्याला गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ २०२२ पासून सुरू आहे, काठमांडूहून अर्ध्या तासाचं उड्डाण, आणि तोच प्रवास बसने केला तर सगळा दिवस खातो. नेपाळी विमान कंपन्यांत भारतीयांचा दर वेगळा असतो, परदेशी डॉलर-दरापेक्षा कमी. आरक्षण करताना राष्ट्रीयत्व भारतीय निवडा आणि नाव मतदार कार्डावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, लिहा. लग्नाआधीचं नाव कार्डावर आणि नंतरचं तिकिटावर, हा घोळ सर्रास होतो.

रात्रीच्या बसला सरळ नाही म्हणा. २०२४ च्या जुलैत नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथे दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत गेल्या, त्या पहाटेच्या अंधारातच. नोव्हेंबरात दरडीची भीती कमी, पण अंधार तोच आणि थकलेला चालकही तोच.

---

कापडचोपड

खरेदीसाठी पूर्ण दिवस? नका ठेवू. आणि जाताना तर काहीच घेऊ नका, ते ओझं पोखरा-काठमांडू करून परत सुनौलीलाच आणायचंय.

मूळ मुद्दा कस्टमचा, आणि तो कोणी सांगत नाही. परदेशातून विमानाने येणाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत माल शुल्काशिवाय आणता येतो. जमिनीच्या सीमेवरून येणाऱ्याला ती सूट नाही, फक्त वापरलेल्या वैयक्तिक वस्तू मोकळ्या. म्हणजे अंगातलं जॅकेट ठीक. प्लॅस्टिकच्या पिशवीत टॅगसकट सहा एकसारखी जॅकेटं दिसली की तो व्यापार दिसतो. एखाद-दुसरी शाल, चहाचं पाकीट यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही, पण तो अधिकाऱ्याचा चांगुलपणा, तुमचा हक्क नव्हे. विचारलं तर खरं सांगायचं, बिल दाखवायचं, शुल्क लावलं तर भरून पावती घ्यायची. सोनं, सिगारेट, दारू यांच्या वाटेला जाऊ नका. ‘ताई, एवढी पिशवी पलीकडे नेता का?’ म्हणणाऱ्याची पिशवी तर मुळीच हातात धरू नका. सीमेवर चौकशी झाली म्हणून संपलं असंही नाही, नौतनव्याच्या रस्त्यावर बस थांबवून पुन्हा बघतात.

भैरहव्यातल्या जॅकेटांवर मोठमोठ्या ब्रँडची नावं असतात आणि किंमत त्या नावाला न शोभणारी. ती नक्कल असते, हे समजून घेतलीत तर वाईट नाही. घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. चेन पाच-सहा वेळा वर-खाली करा, स्वस्त जॅकेट सगळ्यात आधी तिथे मरतं. बगलेखालची शिवण आतून उलटी करून पाहा, एकेरी धावती शिलाई असेल तर ठेवून द्या. आणि कापड मुठीत आवळून सोडा, शिवणीतून पिसांचे देठ टोचत बाहेर येत असतील तर पहिल्या धुण्यात अर्धं भरण निघून जाईल. बूट असतील तर तळ आणि वरचा भाग जिथे चिकटवलाय तिथे नख घालून बघा.

इलेक्ट्रॉनिक्स नको. तिथली वॉरंटी इथे चालत नाही आणि सीमेवर पहिला डोळा त्यावरच असतो.

मग घ्यायचं काय? जे तिथलंच आहे ते. तानसेनला थांबणार असाल तर पाल्पाली ढाका घ्या, नेपाळी टोपीचं ते रंगीत नक्षीचं कापड. हातमागाचं असेल तर नक्षीचे धागे मागच्या बाजूला सुटे, थोडे विस्कळीत दिसतात. छापील असेल तर मागची बाजू फिकट आणि सपाट. तानसेनचाच करुवा म्हणजे तोटीचा धातूचा लोटा, बुडाशी रुंद, हातात घेतल्यावर आकारापेक्षा जड लागतो. तो वजनावर विकतात, त्यामुळे तराजूवर ठेवायला सांगा. इलामचा चहा, लोकता म्हणजे झुडपाच्या सालीच्या कागदाच्या वह्या, फोडणीचा जिम्बू म्हणजे कांद्याच्या जातीची वाळकी पात, आणि तिमूर. तिमूर आपल्या तिरफळाचाच भाऊबंद, माशाच्या आमटीत बिनधास्त टाका.

पश्मिन्याच्या नावाखाली ॲक्रिलिक खपवतात. काठाचा एक धागा मागून घ्या आणि जाळा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. दुकानदार धागा द्यायला कुरकुरला तर उत्तर मिळालंच. अर्थात या परीक्षेने साधी लोकर आणि पश्मिना यांतला फरक कळत नाही, तिथे भाव आणि स्पर्श यावरच निवाडा.

जुन्या दिसणाऱ्या मूर्ती टाळा. शंभर वर्षांवरच्या वस्तू नेपाळबाहेर नेता येत नाहीत. नवी मूर्ती घेतलीत तरी दुकानाचं बिल जवळ ठेवा. मुद्दाम काजळी फासून जुनी केलेली मूर्ती नवी आहे हे सीमेवर पटवत बसणं तापदायक.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. मग खरेदी परतीच्या वाटेवर आणि तीही मोजकी, हे ठरलं. दोन शंका राहिल्या: यूपीआय चालतं का? आणि स्वतंत्र गाडी गोरखपूरहून भाड्याने घेऊन थेट आत नेली तर?

---

वेशीपलीकडे

यूपीआय चालतं, २०२४ च्या मार्चपासून. दुकानात फोनपे नव्हे, ‘फोनपे’सारखंच ऐकू येणारं फोनेपे नावाचं नेपाळी जाळं आहे, त्याचा क्यूआर शोधा. तुमच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआयचा पर्याय घरीच सुरू करून ठेवा. व्यवहार अडतो तो तीन कारणांनी: हा पर्याय बंद असतो, भारतीय सिमचा डेटा सीमेपासून थोडं आत गेल्यावर मरतो, किंवा क्यूआर दुकानाचा नसून कुणाच्या वैयक्तिक खात्याचा असतो. पहिल्याला घरून इलाज, दुसऱ्याला तिथलं एनटीसी किंवा एनसेलचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून हॉटस्पॉट, तिसऱ्याला रोकड. भारतीय सिम फोनमधून काढू नका.

गाडीला ‘भन्सार’ म्हणजे नेपाळचं सीमाशुल्क भरावं लागतं, दर दिवसाच्या हिशेबाने. आरसी, विमा, चालकाचा परवाना मूळ लागतो, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं पत्र. जितके दिवस लिहिलेत त्याहून एक दिवसही जास्त राहिलात तर दंड जबर, म्हणून हिशेबात एक दिवस वाढवूनच भरा. सहा जणांना गाडी सोयीची वाटते, पण घाटाची सवय नसलेला गोरखपूरचा चालक घेण्यापेक्षा भैरहव्यातच नेपाळी नंबरची गाडी आणि तिथलाच चालक घ्या. भन्सार वाचतो आणि सिद्धबाबाला कधी थांबायचं हे त्याला ठाऊक असतं.

---

घाटवळण

परतीचं एकच सांगायचं राहिलं. नोव्हेंबर संपता संपता तराईत सकाळचं धुकं पडू लागतं. काठमांडूहून पहिलं विमान न घेता दुपारचं घ्या. आणि विमान उतरलं त्याच संध्याकाळची गोरखपूरची गाडी धरू नका. सुनौलीला ट्रकांची रांग नौतनव्याच्या बाजूला लांबवर गेलेली असते, बस त्यात अडकते. भैरहव्यात रात्र काढायचीच असेल तर ती हीच. खरेदी त्या संध्याकाळी उरका आणि सकाळी लवकर कमान ओलांडा.