हायड्रोजन शरीराला परका नाही

तब्येतीसाठी हायड्रोजन विरघळवलेलं पाणी प्यायचा विषय निघाला की 'हायड्रोजन हा शरीराला परका वायू, तो प्यायचाच कशाला' असं कुणीतरी म्हणतं. हा मुद्दा मला पटला नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेली साखर आंबवतात तेव्हा हायड्रोजनच तयार होतो. त्यातला काही रक्तात मिसळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. माझ्या मुलीला दूध सोसतं का, हे बघायला श्वासाची चाचणी केली होती. लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं, पाणी प्यायल्यावर ठरावीक वेळाने ती नळीत फुंकर मारायची आणि दर फुंकरीला हायड्रोजनचा आकडा वर सरकायचा. तो आकडा डोळ्यांनी पाहिल्यापासून मला वेगळाच प्रश्न पडलाय: पोटात रोज एवढा वायू बनत असताना ग्लासभर हायड्रोजनच्या पाण्याने त्यात भर ती किती? नेहमीच्या दाबाला लिटरभर पाण्यात जेमतेम १.६ मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो, आणि ग्लास उघडा ठेवला की तोही उडून जातो.

तरी विषय थोतांड म्हणून झटकू नये. २००९ च्या जपानी संशोधनात ॲलर्जीची लक्षणं घडवणाऱ्या मास्ट पेशींमधली संदेशांची साखळीच हायड्रोजनने मंदावलेली दिसली, म्हणजे हायड्रोजनचं काम फक्त 'अँटिऑक्सिडंट'पुरतं, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू निकामी करण्यापुरतं, नसावं. पण ते पेशींवर आणि उंदरांवर. ज्यांना दमा आहे त्यांना कळकळीने सांगते, पाणी हवं तर प्या, पण डॉक्टरांनी दिलेला इनहेलर त्याच्या भरवशावर बंद करू नका.