भोपाळ नॅशनल: उद्घाटनाला थांबावं का?

कोल्हापूरची आई: लेक पहिल्यांदाच नेमबाजीच्या नॅशनलला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेला निघालीय, १० मीटर एअर रायफल. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिची डिटेल (नेमबाजीची पाळी) आहे. संचलनाला पाठवू का?

रेंजबाहेरची मावशी: नको गं! माझा पोरगा दोन तास भाषणं ऐकत उभा होता, सकाळी पाय भरून आले. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटर, जरा डुललं की गेलं.

जुना नेमबाज: बक्षीस समारंभ मात्र चुकवू नका. फायनलला आठच जातात, पण टीमचं मेडल तिघींच्या क्वालिफिकेशनच्या (फायनलआधीच्या फेरीच्या) गुणांच्या बेरजेवर ठरतं. आमच्या टीममधली एक मुलगी ट्रेन गाठायला पळाली आणि पोडियमवर दोघीच!

कोल्हापूरची आई: अगंबाई! परतीचं तिकीट बदलते. ट्रॅकसूट बॅगेत वरच ठेवते.