अनुभव धागा: चुलीपासून सोलरपर्यंत, तुमच्या घरी काय काय जळलं?

कपाशीवाला (यवतमाळ)

मागच्या आठवड्यात वादळात लाईन गेली ती दीड दिवस आली नाही. आईनं माळ्यावरचा कंदील काढला, राखेनं काच घासून लख्ख केली, वात कातरली आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की घरात रॉकेलच नाही. रेशनचं ते निळं रॉकेल शेवटचं कधी आणलं, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी वाटीत गोडं तेल आणि घरच्याच कापसाची वात. आजीच्या लहानपणीचा उजेड परत घरात.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात, वावरात काय जळायचं, मोट-चक्की-घाणी कशावर फिरायची, ते लिहा. ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकलं तेही सांगा. 'जुने दिवस सोन्याचे' एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको.

माहेर दर्यापूर

सोन्याचे कसले, धुराचे. सरपणाचं मात्र शास्त्र होतं. पेटवायला तुराटी, कारण ती लवकर धरते. भाकरीला बाभूळ, कारण आच टिकते. दूध तापवायला गोवरी, मंद. आणि सगळ्यात जास्त जळायची ती पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, कारण ती फुकट. शेवटची वेचणी झाली की बाया उपटून भारे बांधायच्या. पण पऱ्हाटी भसकन पेटते आणि तशीच विझते. चुलीपासून हलता येत नाही, सारखं आत सारत बसावं लागतं. माझ्या आईच्या उजव्या हाताच्या बोटांवर केस नव्हते, ते ह्यामुळे.

आता गॅस आहे. त्यावर चहा, वरण, भाजी. आंघोळीचं पाणी अजून चुलीवर. आणि रोडगे गोवरीच्या आराशिवाय होत नाहीत, ह्यावर वाद घालू नये.

एक गोष्ट मात्र शिकलो. घरामागे रचलेल्या पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात वावरात येते. कृषी खात्याची माणसं ढीग ठेवू नका म्हणून सांगतात. आई विचारते, मग पाणी कशावर तापवू?

वऱ्हाडी बाप्पू

आमचा आबाजी मोट हाकलत जाय. धावेवरून बैल खाली उतरले की कातड्याची मोट भरून वर ये, मांगं सरकले की विहिरीत जाय. मांगं सरकताना बैल मान कशी वाकडी करते, हे आबाजी अंगणात करून दाखवे.

मंग बापानं डिझेल इंजिन घेतलं. लिव्हर वर करून हँडल जोरात फिरवाचं, वेग आला की लिव्हर पाडाची. वेग नसताना पाडली तर हँडल उलटं येते. माह्या बापाचं मनगट असंच गेलं, दीड महिना हात गळ्यात. तरी इंजिनवर लय जीव. धुराच्या नळीचा पुकपुक आवाज ऐकून कोणाच्या वावरात ओलीत सुरू हाय ते घरात बसून सांगे.

मंग वीज आली. एक हप्ता दिवसा, एक हप्ता रातच्याला. हरभऱ्याले पाणी द्याले रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन जा. साप, रानडुक्कर, थंडी. ऑटो लावला तर लाईन आली की मोटर सुरू होते, मान्य. पण पाणी वळवाले दांड मोडाले माणूस लागतेच ना भाऊ!

घुग्घुसकर

आमच्याकडे सरपण नव्हतं, दगडी कोळसा होता. वडील खाणीत. चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणी जुन्या आहेत. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा टाकला तोच कोळशासाठी, आणि वरोऱ्याची ती खाण 1906 मध्ये बंदही झाली. आज चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे. आमचा कोळसा मात्र पत्र्याच्या सिगडीत.

संध्याकाळी चाळीतल्या सगळ्या सिगड्या बाहेर. खाली गोवरी, वर कोळसा. पिवळा धूर निघून जाईपर्यंत अर्धा तास थांबायचं आणि निखारा लाल झाला की आत न्यायची. एका हिवाळ्यात मामेभावानं ऊब म्हणून सिगडी खोलीत घेतली आणि दार-खिडकी लावून झोपला. पहाटे आजी लघवीला उठली म्हणून वाचला. धूर नव्हता, वास नव्हता, तरी भाऊ बेशुद्ध. लाल निखारा म्हणजे धोका टळला, असं आम्ही सगळेच समजत होतो. बंद खोलीत तोच कार्बन मोनॉक्साइड सोडतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

वर्धेकर

मगनवाडीचा उल्लेख कोणीच केला नाही! 1934 मध्ये वर्ध्यात ग्रामोद्योग संघ सुरू झाला, त्याचं ठिकाण ते. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचं काम तिथलंच. तिथे वनस्पती तेलावर जळणारा मगन दिवा बनवला, म्हणजे गावानं रॉकेल विकत घेऊ नये. बैलघाणीतही सुधारणा केल्या. कपाशीवाल्या भाऊंच्या आईनं परवा वाटीत तेच केलं, फक्त काच नव्हती.

कोरची, गडचिरोली

आमच्याकडे आजी मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल दिव्यात घालायची. थंडीत ते तुपासारखं थिजतं. दिवा लावायच्या आधी वाटी चुलीजवळ ठेवावी लागायची.

मूर्तिजापूरचा

शकुंतलेवर, म्हणजे आमच्या मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज गाडीवर, एक ओळ. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिला होतं, 15 एप्रिल 1994 ला ते काढून डिझेल लावलं. आम्ही पोरं रुळाकडेचे अर्धवट जळलेले कोळसे वेचून आणायचो. डिझेल आलं आणि आमचा धंदा बसला.

गोबरगॅसवाले काका

अनुदानावर बांधला होता, लोखंडी टाकीचा. उन्हाळ्यात टाकी वर यायची की स्वयंपाक झाल्यावरही गॅस उरायचा. डिसेंबरात शेण थंड पडलं की टाकी बसायची, आणि बायको माझ्याकडे बघायची. नंतर टाकी गंजली, त्याआधीच तीन जनावरं विकली होती. खड्ड्यात आता पपई आहे.

कपाशीवाला (यवतमाळ)

काका, पपई कशी लागते?

गोबरगॅसवाले काका

जबरदस्त.

सोलरवाला, कारंजा

मागेल त्याला सौर पंप योजनेतून पाच एचपीचा घेतला. आमचा हिस्सा दहा टक्के. रात्रीचं ओलीत सुटलं, हे एवढं मोठं आहे की बाकी तक्रार करवत नाही. तरी सांगतो: सकाळी नऊपर्यंत धार बारीक, ढग आले की विहिरीवर बसून आभाळाकडे बघायचं, आणि वानरं पॅनलवर चढतात. दर पंधरा दिवसांनी ओल्या फडक्यानं धूळ पुसली तर पाण्यात फरक दिसतो.

पॅनलखाली छान कोरडी जागा झाली आहे. तिथे आम्ही पऱ्हाटी रचून ठेवली आहे, पावसात भिजत नाही.

माहेर दर्यापूर

भाऊ, बोंडअळीचं वर लिहिलं ते वाचलं नाही का? शिवाय ठिणगी पडली तर पॅनल जाईल.

सोलरवाला, कारंजा

वाचलं ताई. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, आधी आंघोळ करून घे.