अनुभव सांगा: स्वच्छ असूनही वापरवत नाही असं सार्वजनिक स्वच्छतागृह

अस्वच्छतेबद्दल बोलून बोलून तोंड दुखलं. आज वेगळं विचारते: झाडलोट वेळेवर होते, तरी आत गेल्यावर जीव मेटाकुटीला येतो, असं कुठे झालंय का? काय चुकलं होतं? कुठे 'वा!' म्हणालात तर तेही लिहा. चालकांची नावं नकोत.

माझ्यापासून सुरुवात. बसस्टँड. खांद्याला पर्स, हातात पिशवी, साडीचा घोळ सावरायचा आणि कडी अशी की दाबून धरली नाही तर दार आपोआप उघडतं. खुंटी नाही, फळी नाही. शेवटी पर्सचा पट्टा दातात धरला. एका हुकाला किती पैसे पडतात हो?

घोळवाली: मी पर्समध्ये एस आकाराचा हुक ठेवते, दाराच्या वरच्या कडेला अडकतो. दार छताला भिडलेलं असेल तर मात्र बोंब.

ओळंबा: बांधकामातला माणूस आहे म्हणून सांगतो, निम्मं दुखणं फरशीच्या ढाळात असतं. ढाळ जाळीकडे हवा, आमचे लोक तो दाराकडे देतात. मग पाणी उंबऱ्याशी साचतं, त्यात चपलांची माती, आणि दर तासाला पुसलं तरी चिखल. वासाचंही तसंच. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट भागात, साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. कोपऱ्यातली जाळी वापरात नसली की ते सुकतं आणि वास थेट वर. लोक फिनाईल शिंपडत बसतात. तिथे तांब्याभर पाणी ओतलं तरी भागतं.

परदेशस्थ: टोकियोत शिबुयातल्या बागेत शिगेरु बान या जपानी वास्तुविशारदांनी केलेली रंगीत काचेची शौचालयं पाहिली (2020 ची). रिकामी असताना आरपार दिसतात, कडी लावली की काच धूसर होते. आत कुणी आहे का आणि स्वच्छ आहे का, दोन्ही बाहेरूनच कळतं. पहिल्यांदा कडी लावून काचेकडे बघत उभा राहिलो, विश्वासच बसेना.

ओळंबा: आपल्याकडे आधी लाल-हिरवी खूण दाखवणारी कडी बसवा, काच नंतर बघू.

बाबांची लेक: कमोड आहे म्हणून बाबांना निर्धास्त आत पाठवलं. धरायला दांडी नाही, उठताना ते फ्लशच्या टाकीला लटकले. त्यात दार आत उघडणारं. आत कुणी पडलं तर त्याच्याच अंगाने दार अडणार, बाहेरचे ढकलणार कसे? तेव्हापासून आधी मी आत जाऊन बघून येते.

एक प्रवासी: धर्मशाळेत पाण्याचा मग चोरीला जाऊ नये म्हणून साखळीने बांधला होता. साखळी नळापर्यंत पोचत होती. माझ्यापर्यंत नाही.