मेंदी लावलेल्या काळ्या केसांवर घरच्या घरी फिकट लव्हेंडर रंग चढेल का?

रानजाई:
नमस्कार. माझे केस खांद्याच्या थोडे खाली येणारे, दाट आणि काळेभोर आहेत. साधारण १४ महिन्यांपूर्वीपर्यंत मी दर महिन्याला मेंदी लावत असे, त्यानंतर मात्र केसांना काहीही लावलेले नाही. आता मला ते फिकट लव्हेंडर रंगात रंगवायचे आहेत. घराजवळच्या पार्लरमध्ये चौकशी केली, तेव्हा मेंदीचे नाव निघताच त्यांनी नकार दिला. कारण विचारले, तर तेही नीट सांगितले नाही. म्हणून घरीच करावे असे ठरवून मी ब्लीच पावडर आणि तीत कालवायचे पेरॉक्साइडचे द्रावण, म्हणजे ३० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, आणून ठेवला आहे. एकाच बैठकीत हे काम होईल का, आणि मेंदीमुळे नेमके काय बिघडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

केशरंग:
रानजाई, मी बरीच वर्षे सलूनमध्ये रंगाचेच काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ती मेंदी नुसत्या पानांची होती की तयार पाकिटातली, हे आधी आठवून पाहा. पानांच्या मेंदीतले रंगद्रव्य केसांतल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसते आणि ब्लीचने ते पुरते निघत नाही. काळा रंग उतरला तरी खाली तांबूस नारिंगी छटा उरतेच. मेंदीत नीळ मिसळलेली असेल, तर ब्लीचनंतर केसांवर हिरवट झाक येऊ शकते. खरा धोका मात्र धातूंचे क्षार मिसळलेल्या पाकिटबंद मेंदीचा आहे, कारण त्या क्षारांची डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी इतकी तीव्र प्रक्रिया होऊ शकते की केस तापतात, त्यांतून वाफ निघते आणि ते जागच्या जागी तुटतात. पार्लरने नकार दिला तो बहुधा याच भीतीने.

म्हणून कानामागची, आतल्या थरातली एक बारीक बट मुळापासून कापून घ्या, दोऱ्याने बांधा आणि प्लास्टिकच्या वाटीत ब्लीच कालवून तीत बुडवून ठेवा. वाटी गरम लागली किंवा मिश्रण उकळल्यासारखे फसफसले, तर पुढचा विचार तिथेच सोडून द्यावा. तसे काही झाले नाही, तर दर दहा मिनिटांनी थोडे पुसून रंग बघत राहा.

काळा केस उजळताना आधी विटकरी, मग नारिंगी, मग गडद पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा होतो. लव्हेंडरसाठी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिकट पिवळा लागतो, आणि काळ्याभोर केसांना तिथवर पोहोचायला सहसा दोन-तीन बैठका लागतात. त्या बैठकांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. ३० व्हॉल्यूम म्हणजे ९ टक्के पेरॉक्साइड. घरी पहिल्यांदा करताना २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के, पुरेसे आहे. तेवढाच उजाळा येतो, फक्त सावकाश, आणि चूक लक्षात यायला वेळ मिळतो. मुळांना ब्लीच सर्वांत शेवटी लावा, कारण टाळूच्या उबेमुळे तिथले केस लवकर उजळतात. आधी लावले, तर मुळे पिवळी आणि लांबी नारिंगी असा पट्टा दिसतो. कालवलेले मिश्रण झाकण लावून बंद करून ठेवू नका, त्यातून वायू सुटत असतो.

निळावंती:
केशरंगताईंच्या सांगण्यात माझ्या अनुभवाची भर घालते. गेल्या वर्षी मी हळदीइतक्या पिवळ्या केसांवर थेट लव्हेंडर लावला आणि धुतल्यावर हातात आली ती राखाडी, मळकट बट. जांभळा आणि पिवळा एकमेकांना मारतात, हे तेव्हा ध्यानात आलेच नव्हते. त्याच पिवळ्यावर निळा लावला असता, तर हिरवट दिसला असता. मग घाईघाईने आठवड्याच्या आत पुन्हा ब्लीच केले. त्या रात्री ओली बट बोटांत धरून हलकेच ओढली, तर ती रबरासारखी ताणली गेली आणि परत आखूड झालीच नाही. चार दिवसांत तेवढे केस मधूनच तुटून गेले. केस असे ताणले जाऊ लागले, की त्यांतले बंध तुटलेले असतात आणि कोणत्याही मास्कने ते पूर्ववत होत नाहीत, हे मी फार वाईट वाटून लिहिते आहे.

त्यानंतर मी पीच रंग निवडला. तो गडद पिवळ्यावरही सुरेख उमटतो, कारण खालचा पिवळा त्यात मिसळूनच जातो. अमोनिया नसलेला, नुसता वरून बसणारा रंग पांढऱ्या कंडिशनरमध्ये कालवला, की हवी तितकी फिकट छटा मिळते. मिश्रण वाटीत जसे दिसते, साधारण तसेच ते केसांवर उतरते. हा रंग थोड्याच धुण्यांत फिका पडतो. गार पाणी आणि सल्फेटविरहित शांपू वापरल्यास तो थोडा अधिक टिकतो. घरात बोअरचे पाणी असेल, तर त्यातल्या लोह-तांब्याचाही ब्लीचवर परिणाम होतो, हे ध्यानात ठेवावे.

तांबडफुटी:
दोनच गोष्टी सांगते. चेहऱ्यावरच्या लवेसाठी मिळणारे ब्लीच डोक्याला कदापि लावू नये, आणि रंगाचा थेंब ४८ तास आधी कानामागे लावून त्वचेवर चट्टे येत नाहीत ना, हे पाहावे. आदल्या रात्री खोबरेल चोळून ठेवणे चांगले; केसांतल्या प्रथिनांचा ऱ्हास खोबरेलाने कमी होतो, असे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. आग होऊ लागली, तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता लगेच धुऊन टाकावे.

रानजाई:
सर्वांचे मनापासून आभार. मेंदी गावाकडून आलेल्या पानांचीच होती, असे आईने सांगितले. तरीही काल २० व्हॉल्यूम आणून बट तपासली. वाटी गार राहिली. ४० मिनिटांनंतर वरचा सोळा-सतरा सेंटिमीटर भाग पिकलेल्या संत्र्यासारखा झाला, तर खालचा मेंदीचा भाग विटेसारखा लाल राहिला; दोन्हींमधली सीमा पट्टीने आखल्यासारखी स्पष्ट दिसते. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, हे धरले तर हिशेब जवळपास जुळतो. तेव्हा मेंदीचा खालचा भाग आधी कापून घेणार आहे, आणि लव्हेंडरचा हट्ट सोडून कानामागच्या थोड्याच बटा, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा उजळून, पीच रंगात रंगवणार आहे. ३० व्हॉल्यूमची बाटली दुकानदाराने परत घेतली.